‘नंतर’ नावाचं फोल्डर

सोमवार, ३ मार्च

उद्या घशाचं ऑपरेशन. स्वरतंतूवर मोहरीएवढी गाठ आली आहे. साधीच आहे, तपासून झाली. डॉक्टर म्हणाले, "तीस वर्षं ओरडलात बाई, आता चौदा दिवस हूं की चूं करायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो. नंतर रोज पाच मिनिटं, तीही हळू. बोलावंसं वाटलं की लिहून काढा." म्हणून ही वही. नवरा शेजारी बसून इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकत होता, की आतून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत असणार.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते. मी तक्रार विभागाची प्रमुख. ऑफिसात मला भोंगा म्हणतात, अर्थात पाठीमागे. भोंग्याला कानही असतात हे त्यांना ठाऊक नाही.

आता भोंगा बंद, तर तक्रारी कोण बघणार? शून्यराव. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या न वाचलेल्या मेलचा आकडा शून्य असतो, म्हणून शून्यराव. एक जरी मेल उरला तरी त्यांचा पाय दाराबाहेर पडत नाही. बुटके, मितभाषी, बारा महिने तोच राखाडी स्वेटर. मला ते फार आवडतात अशातला भाग नाही, पण कामाला वाघ.

तर आज त्यांना माझ्या मेलची आणि कॅलेंडरची परवानगी दिली. स्क्रीनवर टिकांची रांग येते. वाचता येईल का, उत्तर देता येईल का, माझ्या नावाने पाठवता येईल का, कॅलेंडर दिसेल का, सगळी फोल्डरं दिसतील का.

"मॅडम, सगळं नको," ते म्हणाले. "नुसता इनबॉक्स द्या. बाकी तुमचं खासगी असेल काही."

"माझं कसलं आलंय खासगी! अर्धवट दिलं तर तासातासाला विचारायला याल, आणि मला तर बोलायची बंदी."

सगळ्या टिका करून टाकल्या. उद्या सात वाजता हॉस्पिटलात पोचायचं आहे, अजून बॅग भरायची आहे.

बुधवार, ५ मार्च

घरी आले. घशात निखारा ठेवल्यासारखं वाटतंय. थंड दूध, पातळ सूप आणि गप्प बसणं.

नवऱ्याने उत्साहाच्या भरात कपाटावरून पाटी काढली. लाकडी चौकटीची, जुनी. ओल्या फडक्याने पुसली, दोरीला पेन्सिल बांधली आणि माझ्यापुढे धरली. "चिठ्ठ्यांपेक्षा हे बरं. लिहायचं, पुसायचं. कागद वाया जायला नको."

ती आईची पाटी. आईचं स्वरयंत्र काढावं लागलं, त्यानंतर अडीच वर्षं ती आमच्याकडे होती आणि या पाटीवर बोलायची. मी हाताने नको नको केलं. त्याला वाटलं मी लाजतेय. त्याने परत पुढे केली, तेव्हा मी ती ढकलली आणि ती पलंगाच्या दांडीवर आपटली. फुटली नाही. तो ती मागच्या खोलीत ठेवून आला. ती आईची खोली होती. आता तिथे इस्त्रीचं टेबल असतं.

पाटीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज मला सहन होत नाही. बास, एवढंच कारण आहे.

शुक्रवार, ७ मार्च

उंटावरून शेळ्या हाकते आहे. म्हणजे बिछान्यात पडून फोनवर माझाच मेल बघते. शून्यराव माझ्या नावाने उत्तरं देतात आणि मी ती चोरासारखी वाचते. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच : ‘उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.’ मेल दहा मिनिटांपूर्वी आला असला तरी.

एका बावीस मजली इमारतीचे सेक्रेटरी आहेत, त्यांच्याशी माझं चार वर्षं भांडण आहे. त्यांचा काल तिसरा शिव्यांचा मेल आला. शून्यरावांनी लिहिलं, ‘आपल्याला तीनदा कळवावं लागलं, ही चूक आमची.’ त्यावर त्या माणसाचं उत्तर : ‘मॅडम, आज बरं वाटलं.’

बरं वाटलं! त्या माणसाला! माझ्या खुर्चीत माझ्या नावाचं दुसरंच कुणीतरी बसलंय आणि लोकांना ते जास्त आवडतंय. नवऱ्याला चिठ्ठी लिहून सांगितलं तर तो म्हणाला, "महिनाभर सुटी वाढवून घे, कंपनी नावारूपाला येईल." त्याच्याकडे उशी फेकली.

रविवार, ९ मार्च

दुपारी तीनच्या सुमारास नवरा बाहेर गेला होता. मी एकटी. मागच्या खोलीतून आवाज आला. टक टक टक. तीनदा, मग थांबला, मग परत तीनदा.

आई पाटीची चौकट पलंगाच्या लोखंडी दांडीवर अशी आपटायची, मी हवी असले की. भाजी फोडणीला टाकलेली असो नाहीतर आंघोळीला बसलेली असो. हातातलं टाकून धावत जायचे.

उठून पाहिलं. इस्त्रीचं टेबल, घड्या घातलेले कपडे, पाटी पालथी पडलेली. काही नाही. नवरा आल्यावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, "पाइप असेल. वरच्यांनी नळ बदललाय."

असेल.

विषय निघालाच आहे तर लिहून ठेवते. आईचं मी सगळं केलं. घशाला पाडलेल्या छिद्राची सफाई दिवसातून चार वेळा, नळीतून खाणं, अंथरूण, औषधं. धाकटी, म्हणजे माझी बहीण, विमानाने पाच तासांवर राहते. ती रविवारी फोन करायची. मी फोन आईच्या कानाला लावायचे, धाकटी पलीकडून बडबडायची आणि आईचा चेहरा उजळायचा. फोन ठेवला की परत सफाई मीच करायचे. कुणाला सांगायला गेले नाही कधी. शेवटी सगळं अचानक झालं. मी धाकटीला कळवलं होतं, तिला वेळेवर पोचता आलं नाही. झालं ते असं.

मंगळवार, ११ मार्च

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माझ्या मेलमध्ये ‘नंतर’ नावाचं एक फोल्डर आहे. आई गेल्यावर चार महिन्यांनी धाकटीचा ऑफिसच्या पत्त्यावर मेल आला. घरच्या फोनवर मी तिचा नंबर बंद केला होता, कारण ती फोन करकरून तेच तेच विचारायची. आईकडे दिवसा येणारी नर्स तिला कुठेतरी भेटली होती आणि काहीबाही बोलली होती. मेलमध्ये दोन ओळी : ‘ताई, आईने शेवटी माझी आठवण काढली होती का? एवढंच सांग.’

मी उत्तर दिलं नाही. धाकटीचा मेल आला की तो परस्पर ‘नंतर’मध्ये जाऊन पडेल, अशी सोय करून ठेवली. त्यानंतर दर वर्षी आई गेली त्या तारखेला एक मेल येतो. उघडत नाही. फोल्डरच्या नावापुढचा ठळक आकडा तेवढा वाढतो. तिला साफ अडवता आलं असतं, एका टिकेचं काम होतं. अडवलं नाही. का, ते मला माहीत नाही.

आकडा सात होता. रोज सकाळी डोळ्यांपुढे असायचा. आणि ज्या दिवशी दिसायला हवा होता त्याच दिवशी, टिका करताना, दिसला नाही.

आज तिथे आकडाच नाही. शून्य.

‘पाठवलेले’ उघडलं. काल संध्याकाळी पाच चाळीसला, माझ्या नावाने, धाकटीला :

‘उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. हो. रोज.’

ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टर आठवले. तशीच तोंड उघडं ठेवून बसले. मग शून्यरावांना मेसेज केला : हे काय केलंत? त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘मॅडम, सात न वाचलेले होते. निघालो होतो, पण राहवेना. चुकलं का?’

बुधवार, १२ मार्च

शून्यराव संध्याकाळी घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, स्वेटरची बाही ओढत. नवऱ्याने पाणी दिलं आणि तो आत गेला, म्हणजे दाराआड उभा राहिला.

"वाचायला नको होते," ते म्हणाले. "पहिला उघडला आणि कळलं, हे घरचं आहे. तिथेच थांबायला हवं होतं. पण मग सातही वाचले मॅडम. सातांत प्रश्न एकच होता."

मी कागदावर लिहिलं : तुम्हाला काय माहीत काय उत्तर द्यायचं?

"माहीत कुठे होतं. पण दुसरं काय असणार? जाताना आईला लेक आठवणारच. कुणाच्याही आईला." मग म्हणाले, "मी पहिली चार वर्षं घंटेच्या टेबलावर होतो. तुम्हीच शिकवलंत. लिफ्टमधून घंटा वाजली की आधी उत्तर, मग दुरुस्ती. दुरुस्तीला तास लागला तरी चालेल. अडकलेला माणूस अंधाराला घाबरत नाही, घंटा वाजवून कुणी ओ दिली नाही की घाबरतो. त्या बाई सात वर्षं घंटा वाजवताहेत."

वाक्य माझंच. दर वर्षी नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये ऐकवते, टाळ्या पडतात. पण लिफ्ट वेगळी आणि घर वेगळं. माझंच घोडं माझ्यापुढे दामटायचं म्हणजे जरा अतीच झालं.

"मॅडम," जाताना ते उभे राहिले. "खोटं लिहिलं गेलं का माझ्या हातून? तसं असेल तर मी त्यांना आजच कळवतो. उत्तर मी लिहिलं, ताईंचा काही संबंध नाही, असं. माझं नाव सांगतो."

एवढी सोपी सुटका कुणी कुणाला देत नाही. दोन अक्षरं लिहायची होती, ‘खोटं’. शून्यरावांनी सगळं अंगावर घेतलं असतं आणि आकडा परत एकपासून सुरू झाला असता. पेन कागदावर टेकलं. किती वेळ, कोण जाणे. कागदावर शाईचा मोठा ठिपका झाला.

शेवटी मी लिहिलं : नाही.

"मग बरं," ते म्हणाले. खरंच हायसं वाटलं त्यांना. मी लिहून दाखवलं की परवानगी आजच काढून घेते. त्यांनी मान डोलावली आणि बूट घातले.

नवऱ्याने नंतर टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. सगळ्या टोपलीत टाकल्या. ‘नाही’ लिहिलेली मात्र त्याने वाचली आणि खिशात ठेवली. मी पाहिलं.

गुरुवार, १३ मार्च

परवानगी काल रात्रीच काढली. आता मेलमध्ये मी एकटी, आणि धाकटीचं उत्तर.

‘ताई, क्षमस्व? हे असं कधीपासून बोलायला लागलीस? पण हो म्हणालीस. सात वर्षांत काल पहिल्यांदा गाढ झोपले. सकाळी उठले तेव्हा मात्र दुसरा प्रश्न उभा. आई रोज आठवण काढत होती, तर मला बोलावलं का नाहीस? लिहून पाठवू नकोस. तोंडाने सांग.’

सोबत भेटीची वेळ. गुरुवार २० मार्च, चार ते साडेचार, व्हिडिओवर. माझ्या कॅलेंडरमध्ये तो चौकोन दिसतोय. हो म्हटलं की गडद होतो, नाही म्हटलं की जातो. मी दोन्ही केलं नाही, म्हणून तो फिकट आहे. आजूबाजूला लिफ्टच्या तपासण्या, मीटिंगा, सगळे गडद.

शनिवार, १५ मार्च

पाच मसुदे लिहिले, पाच खोडले. ‘तुला त्रास नको म्हणून.’ ‘तुझी नोकरी नवी होती.’ ‘आम्हालाच कल्पना नव्हती.’ वाचायला सगळे बरे वाटतात. शून्यरावांनी लिहिले असते तर आणखी बरे वाटले असते.

दुपारी परत टक टक. नवरा घरात होता. त्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. पण पान उलटायला निघालेला त्याचा हात तसाच राहिला.

सोमवार, १७ मार्च

रविवारी नऊ तारखेला लिहिलेलं मघाशी वाचलं. ‘मी धाकटीला कळवलं होतं.’ माझ्याच वहीत, माझ्याशीच खोटं. ही वही कोण वाचणार आहे म्हणून मी एवढी सावरून लिहिते?

लिहिते. एकदाच.

एका सोमवारी डॉक्टर घरी येऊन गेले. दाराशी मला म्हणाले, थोडेच दिवस आहेत, जवळच्यांना बोलवून घ्या. आईला ऐकू सगळं यायचं. मी आत गेले तेव्हा तिचं लिहून झालं होतं. पाटी माझ्याकडे वळवून बसली होती. ‘धाकटीला बोलव.’

अडीच वर्षांत त्या पाटीवर पाणी, उशी, दुखतंय, खिडकी, सगळं आलं. धाकटीचं नाव तर उठता-बसता यायचं. धाकटी जेवली असेल का, धाकटीकडे थंडी असेल का. माझं नाव एकदाही नाही. मला बोलवायला नाव लागतच नव्हतं, टक टक केलं की झालं. त्या क्षणी हे सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मी तिच्या हातातून पाटी घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, "केलाय फोन. येतेय ती."

रागाच्या भरात एक दिवस केलं असतं तर समजण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी तिने परत तेच लिहिलं. मी परत पुसलं. "तिकीट मिळत नाहीये, येईल." तिसऱ्या दिवशी तिने लिहिणं सोडलं आणि वाट बघायला लागली. रोज सकाळी मला खुणेने केस विंचरून मागायची. धाकटीसमोर नीट दिसायला हवं ना. मी विंचरायचे, वेणी घालायचे.

मधल्या रविवारी नेहमीच्या वेळी धाकटीचा फोन आला. मी म्हणाले, "आई झोपलीय गं, आज राहू दे." आई समोर बसून माझ्याकडे बघत होती. मग तिने पाटी दांडीवर आपटायला सुरुवात केली. टक टक टक. धाकटीने विचारलं, "कसला आवाज येतोय?"

मी म्हणाले, "पाइप असेल."

अकरा दिवस. अकराव्या दिवशी आई गेली. त्यानंतर मी धाकटीला फोन केला आणि रडत सांगितलं, सगळं अचानक झालं. रडणं खरं होतं.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, म्हणाले छान भरलंय. आजपासून पाच मिनिटं. "म्हणा काहीतरी," ते म्हणाले. नवरा पुढे सरकून बसला. मी मान हलवली. पाच मिनिटं आहेत, ती उगाच कशाला खर्चायची.

घरी येऊन कॅलेंडर उघडलं. फिकट चौकोनावर बोट ठेवलं आणि हो म्हटलं. गडद झाला. बोट स्क्रीनवरून उचलताना घसरलं आणि दोन लिफ्टच्या तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. त्या परत जागेवर आणल्या.

बुधवार, १९ मार्च

मागच्या खोलीत जाऊन पाटी आणली. खिडकीशी तिरकी धरली की दिसतं, वर्षानुवर्षं लिहून दगडावर ओरखडे उठले आहेत, एकावर एक, हजारो. त्यात माझं नाव शोधलं. एखादं अक्षर, एखादी वेलांटी तरी. अर्धा तास बघत होते, काही वाचता आलं नाही.

नवरा दारात येऊन उभा राहिला. मी वही उघडून सोमवारचं पान त्याच्यापुढे केलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी माझं काही लिहिलेलं वाचायला दिलं नव्हतं. त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"त्या रविवारी मी घरीच होतो," तो म्हणाला. "बाहेरच्या खोलीत. मीही ऐकलं."

मी पाटी खाली ठेवली.

"तू दमली होतीस. मला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल आणि करशील फोन. मग आई गेल्या. मग मला वाटलं, आता बोलून काय उपयोग." त्याने खिशातून ती चिठ्ठी काढली, ‘नाही’ लिहिलेली. मऊ पडली होती. "हे वाचलं तेव्हा वाटलं, चला, कुठेतरी सुरुवात झाली."

भांडायला आज माझ्याकडे आवाज होता. भांडणच नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

चारला पाच कमी असताना बसले. पाटी मांडीवर. नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला, पण बाहेरच्या खोलीपर्यंतच.

धाकटी दिसली. केस पांढरे झालेत. कपाळ आणि भुवया थेट आईच्या. सात वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं की ती आईसारखी दिसायला लागलीय. सांगणार कोण?

"ताई," ती म्हणाली. "बोल."

मी बोलले. सोळा दिवसांनी. भोंगा कुठच्या कुठे गेला होता. बारीक, कापरा आवाज निघाला. "ऑपरेशन झालं घशाचं. फार बोलता येत नाही."

धाकटी एकदम मागे सरकली. "हा आईचा आवाज आहे," ती म्हणाली. "आईचा, आधीचा."

मला ठाऊक नव्हतं. मी विसरले होते तो. मला आईचं फक्त टक टक आठवतं.

पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागले. "आईने मला सांगितलं होतं..." पुढे हवा नुसती. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. डॉक्टरांच्या हिशेबाने घसा बरा झालाय. म्हणजे दोष घशाचा नव्हता. मग पाटी उचलली आणि लिहायला लागले. पेन्सिल करकरली.

धाकटीने विचारलं, "कसला आवाज येतोय?"

"पाटीचा," मी म्हणाले. "आईच्या."

आणि पाटी वळवून धरली. ‘धाकटीला बोलव.’

तिने वाचलं. तिचे ओठ हलले. पुढचं लिहायला माझा हात सवयीने पुसायला गेला आणि तिथेच थांबला. खाली थोडी जागा होती. तेवढ्यात बसवलं : ‘मी पुसलं.’

तिने तेही वाचलं. मग म्हणाली, "किती दिवस?"

"अकरा."

"आणि तिला काय सांगत होतीस अकरा दिवस?"

"तू येतेयस म्हणून."

तिने कॅमेरा बंद केला, चेहरा गेला. नुसता काळा चौकोन राहिला. पण ती गेली नव्हती, वरची मिनिटं पुढे सरकत होती. आमच्याकडे घंटेच्या टेबलावर एक नियम आहे, लाइन आपण तोडायची नाही, आतल्या माणसाने तोडेपर्यंत. मी पाटी तशीच धरून बसले. हात भरून आले. साडेचार झाले, वेळ संपली. चार एक्केचाळीसला तिने लाइन तोडली.

ती परत कधी बोलेल असं मला वाटत नाही. माझ्याशी असं कुणी वागलं असतं तर मीही बोलले नसते. तरीही लिहायचं तर, आज सात वर्षांनी माझ्या छातीवरचं कुणीतरी उठलं. ते उठून तिच्या छातीवर जाऊन बसलं असेल. याची लाज वाटते.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी कॅलेंडर उघडलं तर भरलेलं. अकरा फिकट चौकोन. अकरा गुरुवार, चार वाजता. पत्र नाही, एक ओळही नाही. प्रत्येकावर नाव घातलंय : पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, असं अकराव्यापर्यंत. पहिल्याच्या आत लिहिलंय : ‘सकाळपासून सांग. तिने काय खाल्लं, खिडकी उघडी होती का, केस कुणी विंचरले. काही गाळायचं नाही. मी बोलणार नाही, ऐकणार आहे.’

एकेकावर बोट ठेवून हो म्हणत गेले. सहा झाले. सातव्यावर बोट थांबलं. सोमवारपासून मोजलं तर सातवा दिवस रविवार.

नवरा मागे चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने वाकून स्क्रीन बघितली.

"सातव्याला मीही बसतो," तो म्हणाला.

सातवा गडद केला. मग उरलेले चार.

मध्येच शून्यरावांचा मेसेज आला. माझ्याकडे साठलेल्या मेलचा आकडा त्रेचाळीस झालाय असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि त्यांना चैन पडत नव्हती. त्यांना लिहिलं, ‘उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. सोमवारी येते.’

तीन वाजता मागच्या खोलीतून टक टक टक आलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाइप असेल असं तो म्हणाला नाही, आणि मीही नाही.

आजची पाच मिनिटं सगळी शिल्लक होती.

"आले गं आई," मी म्हणाले, आणि उठून आत गेले.